उजवीकडे, पूर्ण

रोज पहाटे व्हॉल्व्ह उघडून झाला की तो लगेच उठायचा नाही. लोखंडी चावीची लांब दांडी खड्ड्यात तशीच उभी ठेवायचा, तिच्या आडव्या मुठीला कान लावायचा आणि ऐकत बसायचा. आधी काहीच नसायचं. मग खोलवर कुणीतरी घसा खाकरावा तसा आवाज, मग अडकलेल्या हवेचे फुसकारे, आणि मग पाणी. ते पुढे सरकताना गुणगुणतं, हे गावात त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यानेही ते कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

दूध घालणारा सायकल न थांबवता विचारायचा, "काय म्हणतंय पाणी?"

"म्हणतंय, बादल्या लावा."

एवढं बोलणं त्याला दुपारपर्यंत पुरायचं.

गाव त्याला चावीवाला म्हणायचं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक लोखंडी झाकण, झाकणाखाली हातभर खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. चावी डावीकडे फिरवली की पाणी सुटायचं, उजवीकडे फिरवली की बंद व्हायचं. सगळे व्हॉल्व्ह असे, एक सोडून. प्रार्थनाघराच्या गल्लीतला व्हॉल्व्ह फार जुना, उलट्या आट्यांचा होता. तो उजवीकडे उघडायचा आणि डावीकडे बंद व्हायचा. कुणी, कधी आणि का बसवला, कुणास ठाऊक. ज्या म्हाताऱ्या चावीवाल्याच्या हाताखाली तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी ते झाकण उचलून ओळख करून दिली होती. "ह्या सासूबाई. ह्यांच्याकडून काही हवं असेल तर उलटं सांगायचं." पुढे म्हातारा गेला, आणि सासूबाईंचा स्वभाव माहीत असलेला माणूस गावात एकच उरला.

त्याची बायको रोज संध्याकाळी प्रार्थनेला जायची. तो तिला दारापर्यंत सोडायचा आणि बाहेरच्या पायऱ्यांवर बसायचा. तो देव मानत नव्हता असं म्हणणं जरा जास्तच होईल. न मानायला जो आवेश लागतो तो त्याच्याजवळ नव्हता. लहानपणी सगळे डोळे मिटून बसत तेव्हा हा उघड्या डोळ्यांनी मिटलेले चेहरे बघत बसायचा. सगळ्यांना काहीतरी ऐकू येतंय, असं त्या चेहऱ्यांवरून दिसायचं. त्याला यायचं नाही. लग्नानंतर सुरुवातीला तो बायकोशेजारी आत बसायचा. एकदा घरी येताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही डोळे मिटत नाही."

"तुला कसं कळलं?"

"मीही मधूनच बघते ना, तुम्ही मिटलेत का ते."

दोघं खूप हसले. पण दुसऱ्या दिवसापासून तो पायऱ्यांवर बसू लागला. उगाच तिचं लक्ष उडायला नको.

त्या वर्षांत गावावर फौजेचं राज्य होतं. जमावाला बंदी होती, बोलायला बंदी होती. प्रार्थनेला मात्र मुभा होती, कारण प्रार्थनेचं भय साहेबलोकांना वाटत नव्हतं. मग ज्यांना मत द्यायचा हक्क हवा होता, ज्यांचे भाऊ आणि मुलगे पकडून नेलेले होते, ते सगळे एका संध्याकाळी प्रार्थनेला गेले आणि प्रार्थना संपल्यावर उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही बसलेले. प्रार्थनाघराचे गुरुजी प्रार्थना सांगत होते, लोक म्हणत होते, म्हणून झाली की पुन्हा पहिल्यापासून. फौजेने गल्ली वेढली. आत त्याची बायको होती. तो डबा घेऊन अडथळ्यापर्यंत गेला आणि शिपायाने त्याला डब्यासकट परत पाठवलं. घरी येऊन तो डबा त्यानेच उघडला, आणि न खाता झाकला.

मग पाणी तोडायचा हुकूम आला. चावीवाल्याला घरून उचलून आणलं. बरोबरचा साहेब पोरगेलासा होता, त्याला सर्दी झाली होती आणि तो सारखा रुमाल शोधत होता. आधी आजूबाजूच्या गल्ल्या. चावीवाला झाकण उचलायचा, चावी घालायचा, उजवीकडे फिरवत न्यायचा. साहेब वाकून बघायचा. दोन-तीन गल्ल्यांनंतर साहेबाला काम कळलं, आणि काम कळलेल्या माणसासारखा तो स्वतःच हुकूम सोडू लागला. शेवटी ते प्रार्थनाघराच्या गल्लीपाशी आले. हा व्हॉल्व्ह कायम अर्धाच उघडा असायचा, चढावरच्या वस्तीला पाणी पोचावं म्हणून. झाकण उचललं. प्रार्थनाघरातून प्रार्थनेचा आवाज येत होता, बसलेल्या गळ्यांचा.

"उजवीकडे," साहेब म्हणाला. "पूर्ण."

चावीवाल्याच्या तोंडात वाक्य तयार होतं. साहेब, हा उलटा आहे. साधं कामाचं वाक्य, कुणालाही सांगावं असं. ते तोंडातच राहिलं. त्याने चावी उजवीकडे फिरवली. पूर्ण. दर आट्याला दांडीतून हाताला कळत होतं की खाली पाणी मोकळं होतंय. तो सवयीने मुठीला कान लावायला वाकला, तेवढ्यात साहेबाने हात पुढे केला. "चावी इकडे." पुन्हा कुणी उघडू नये म्हणून चावी फौजेच्या गाडीत गेली.

आजूबाजूच्या गल्ल्या बंद, त्यामुळे त्यांचा सगळा दाब प्रार्थनाघराच्या नळांवर आला. आतल्या माणसांना एवढंच कळलं, की बाहेर पाणी तोडल्याची ओरड झाली आणि त्याच घडीला आतला नळ दुप्पट धारेने वाहू लागला. ते हुशार होते, बाहेर काही बोलले नाहीत. साहेबाला वाटलं, आत टाकी भरलेली असेल. तो ती संपायची वाट बघत राहिला आणि शिंकत राहिला. टाकी काही संपेना. शिपाई कंटाळले. त्यांच्यातल्याही काहींच्या आया आत होत्या. एका सकाळी वेढा उठला, आणि पुढच्या काही महिन्यांत ते राज्यच उठलं.

बायको घरी आली तेव्हा तिचा आवाज पार गेला होता. तरी ती बोलत होती. "अहो, सगळीकडचं गेलं आणि आमचं वाढलं! भांडं धरलं तर हातातून निसटत होतं."

"दाब वाढला असेल."

"दाबच. कुणाचा?"

तो सांगणार होता. खरंच सांगणार होता. पण तिचा चेहरा त्याने लहानपणी बघितलेल्या त्या मिटलेल्या चेहऱ्यांसारखा झाला होता, फक्त डोळे उघडे होते. त्याने विचारलं, "जेवलीस का?"

तिने त्या पाण्याची एक बाटली भरून आणली होती. गल्लीत बहुतेक घरांत तशी बाटली होती. फळीवर, उजेडात, बूच घट्ट लावून. दर वर्षी वेढा उठल्याच्या दिवशी गुरुजी प्रार्थनाघरात बोलायचे, आणि दर वर्षी ते वाक्य यायचं. सत्तेने नळ बंद केला, वरच्या त्या एकाने उघडला. चावीवाला बाहेर पायऱ्यांवर बसून ते ऐकायचा. त्याला राग यायचा नाही. फक्त त्या वाक्यात कुठेतरी एक माणूस चावी घेऊन उभा होता, आणि तो कुणाला दिसत नव्हता.

मूलबाळ झालं नाही. बायको आजारी पडली तेव्हा शेवटी शेवटी ती त्याला म्हणाली, "एकदा तरी मान्य करा हो. माझ्यासाठी."

तिचा हात त्याच्या हातात होता. त्याने तिचं पांघरूण नीट केलं आणि तो म्हणाला, "पाणी आलं होतं. एवढं मान्य."

"चिकट आहात," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले. त्या वेळी झोपण्यासाठीच.

ती गेल्यानंतरही तो संध्याकाळी पायऱ्यांवर जाऊन बसायचा. सवयीने म्हणा, नाहीतर एकट्याच्या खोलीत दिवा लावायची वेळ टाळायला म्हणा. प्रार्थना सुटली की दार उघडायचं, माणसं बाहेर पडायची, आणि तो शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत उठायचा नाही. कुणाची वाट बघताय, असं विचारण्याइतकं वाईट गावात कुणी नव्हतं. नोकरी संपली तेव्हा त्याने नव्या माणसाला झाकणं दाखवली, कुठल्या गल्लीत किती वेळ ते सांगितलं. फक्त सासूबाईंचं राहून गेलं. राहून गेलं की राहू दिलं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. वेढ्यानंतर त्याने तो पुन्हा अर्ध्यावर आणून ठेवला होता; पुढची माणसं बदलत राहिली आणि त्या व्हॉल्व्हला कुणी हात लावला नाही.

त्याची भाची गावातल्या शाळेत शिकवायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती त्याच्याकडे जेवायला यायची. म्हणजे डबा तीच आणायची, तो ताटं मांडायचा. एका सुट्टीला दोघं जेवत असताना दार वाजलं. पाणीखात्यात नुकतीच लागलेली नवी चावीवाली दारात उभी होती, गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"काका, हे बरं नाही केलंत."

"काय झालं?"

"प्रार्थनाघराच्या गल्लीत नळी फुटलीये. बंद करायला गेले, उजवीकडे फिरवते फिरवते, तर पाणी वाढतच चाललंय! गल्लीतल्या बायका माझ्या नावाने खडे फोडतायत. शेवटी डावीकडे फिरवून बघितलं. उलटा आहे तो! तुम्हाला माहीत नव्हतं होय?"

"माहीत होतं."

"मग?"

"सांगायचं राहिलं. बस, चहा घे."

"चहा राहू द्या, अंगावरच भरपूर पाणी झालंय," असं म्हणून ती गेली. भाचीचा घास हातातच राहिला होता. वेढ्याच्या वेळी ती लहान होती, आईच्या मांडीवर, आत.

"मामा," ती म्हणाली, "तेव्हा पाणी तुम्हीच तोडलं होतं ना? साहेब समोर उभा होता म्हणतात."

तो पाण्याचा पेला पुसत बसला. पेला कोरडाच होता.

"कुठल्या बाजूला फिरवली होती चावी?"

"साहेबाने सांगितली त्या बाजूला."

ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. आणि मग तिला येऊ घातलेली सभा आठवली.

कारण गाव त्या दिवसांत दुसऱ्याच वादात होतं. फौज गेल्यापासून कारभार तात्पुरत्या नियमांवर चालला होता, आता गाव आपली स्वतःची सनद करत होतं. तिच्यात एक कलम यायचं होतं. मतदार म्हणून नाव लावायचं असेल तर 'त्या एकाला स्मरून' शपथ घ्यावी लागेल. शपथ नाही तर नाव नाही, नाव नाही तर मत नाही. पुढच्या आठवड्यात भरसभेत हात वर करून ते ठरणार होतं. कलमाच्या बाजूने जे बोलत ते म्हणत, हे स्वातंत्र्य कुठून आलं ते विसरू नका, ते पाणी आठवा.

चावीवाल्याने आयुष्यात एकदाच मत दिलं होतं, फौज गेल्यावर झालेल्या एकमेव मतदानात, बायकोबरोबर. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो इतका वेळ उभा राहिला की रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काका, डुलकी लागली काय?" लागली नव्हती. तिथे त्याला काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं, म्हणून जरा थांबला होता. ते त्याला पुन्हा हवं होतं. सनदेच्या कलमाबद्दल ऐकल्यापासून त्याला नीट झोप नव्हती. ती शपथ तो आरशासमोर म्हणून बघायचा आणि 'त्या'पाशी अडायचा. खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही. पण ह्या एका गोष्टीत तो बायकोशीसुद्धा खोटं बोलला नव्हता.

"तुम्ही सभेत सांगा," भाची म्हणाली. "लोकांना कळू दे नळ कुणी उघडला ते."

"तुझी मामी आत होती."

"मीही होते."

"तू मांडीवर होतीस. ती जागी होती." त्याने ताट बाजूला सारलं. "आधी गुरुजींना सांगतो. त्यांच्या पाठीमागून नको."

प्रार्थनाघर दुपारी रिकामं असतं. गुरुजी एकटेच जमिनीवर बसून एका बाकाचा निखळलेला पाय बसवत होते. आता तेही थकले होते.

"बरं झालं आलात. हे जरा धरता?"

चावीवाल्याने बाक धरला. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदाच आत आला होता, पण धरायला काहीतरी होतं म्हणून बरं वाटलं. बाक धरूनच त्याने सगळं सांगितलं. गुरुजींची हातोडी मध्येच थांबली.

"सासूबाई?" त्यांनी विचारलं.

"तसं नाव होतं."

गुरुजी हसायला लागले, आणि हसता हसता गप्प झाले. "म्हणजे मी इतकी वर्षं खोटं सांगत आलो."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मग खोटं कसं?"

"घरात सांगितलं होतंत?"

"नाही."

गुरुजींनी मान हलवली. कारण विचारलं नाही. मग म्हणाले, "एक सांगा. उलटा आहे असं साहेबाला का नाही सांगितलंत?"

"माहीत नाही."

"बायको आत होती म्हणून?"

"असेल. पण बाकीच्या गल्ल्यांतही कुणाच्या ना कुणाच्या बायका होत्याच. त्या गल्ल्या मी निमूट बंद केल्या."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. हात कापत होते. साहेबाला वाटलं, व्हॉल्व्ह जड आहे."

"मग का गप्प राहिलात?"

"खरंच माहीत नाही, गुरुजी."

गुरुजी बाकाच्या पायावरून हात फिरवत राहिले. "हे जे तुमचं 'माहीत नाही' आहे ना," ते हळूच म्हणाले, "मी त्यालाच देव म्हणतो."

चावीवाल्याने बाक तसाच धरून ठेवला. बाहेर कुणीतरी बादली फरफटत नेत होतं.

"म्हणा," तो म्हणाला. "पण तेवढं माझ्याकडे राहू द्या. जन्मभर सांगितलं तसं केलं. हे उघड, ते बंद कर. ते एक माझं होतं. तेही त्याने माझ्याकडून करवून घेतलं म्हटलं, तर मग मी कोण? चावीच."

"रागावू नका. माझंही ऐका. आपलं स्वातंत्र्य सरकारने दिलेलं असेल, तर सरकार ते परत नेईल. ते वरून आलेलं असेल तरच सरकारचा हात तिथे पोचत नाही. आत बसलेली माणसं कशाच्या जोरावर बसली होती? नळाच्या नाही. नळ वाढायच्या आधीपासून बसली होती."

"ते खरं आहे," चावीवाला म्हणाला. "मी बसलो नसतो."

"मग?"

"मग मी मत द्यायला कुठे उभं राहायचं, तेवढं सांगा."

 गुरुजींनी शेवटचा खिळा ठोकला, बाक उभा केला, हलवून बघितला. "सभेत सांगा," ते म्हणाले. "मी अडवणार नाही."

सभा शाळेच्या पटांगणावर होती. त्याचं बोलणं अगदी थोडं होतं. व्हॉल्व्ह कसा आहे ते त्याने हाताने हवेत फिरवून दाखवलं, साहेबाचा हुकूम सांगितला आणि म्हणाला, "मी गप्प राहिलो. एवढंच. आणि मी प्रार्थना करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तर ते कलम नको."

पटांगण गार झालं. कुणाच्या तरी घरात फळीवरची बाटली त्या क्षणी नुसतं पाणी झाली असेल, असं त्याच्या मनात आलं. मग भाजीवाली उभी राहिली. वेढ्यात ती आत होती. तिचे डोळे भरले होते.

"म्हणजे काका, त्यानेच तुमच्या तोंडाला कुलूप घातलं की हो!"

एकदम सुटका झाल्यासारखा सगळ्यांचा श्वास सुटला. "आणि म्हणे देव नाही!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या वाजल्या. "न मानणाऱ्याच्या हातून करवून घेतलं, हा तर आणखी मोठा चमत्कार!" माणसं जवळ आली, कुणी त्याचा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. तो "अहो, ऐका," म्हणत होता. प्रेमाने घेरलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

सभेच्या अध्यक्षांनी हात वर करून शांत केलं. "मी म्हणतो, काकांना शपथ माफ करू."

"माफ! माफ!"

"माफ नको," तो म्हणाला. ह्या वेळी आवाज पोचला. "मी गुन्हा केलेला नाही. काढायचं तर सगळ्यांसाठी काढा, नाहीतर मलाही राहू द्या."

"काका आडमुठे आहेत," कुणीतरी कौतुकाने म्हणालं, आणि हशा पिकला.

हात वर झाले. विरोधात मोजके हात होते, त्यातला एक भाचीचा, एक त्या नव्या चावीवालीचा. गुरुजींचे दोन्ही हात मांडीवर होते. ते कुठल्याच बाजूला वर झाले नाहीत, हे चावीवाल्याने बघितलं. कलम मंजूर झालं. घरी जाताना लोकांनी त्याला इतक्या आदराने वाट करून दिली की त्याच्या बाजूने चालायला कुणी उरलंच नाही.

सासूबाईंच्या झाकणावर आता कुणीतरी फुलं ठेवू लागलं. नवी चावीवाली ती बाजूला सारून काम करायची आणि परत ठेवायची. चावीवाला त्या रस्त्याने जायचा टाळू लागला, त्यामुळे प्रार्थनाघराच्या पायऱ्याही सुटल्या. संध्याकाळी तो खोलीत बसायचा. बायकोची बाटली फळीवर होती. ती त्याने काढली नाही. ती तिची होती, आणि तिच्या बाजूने ते खरंच होतं. एकदा गुरुजी आले. दोघं चहा प्यायले. जाताना गुरुजी म्हणाले, "पायऱ्या रिकाम्या दिसतात हो," आणि तो म्हणाला, "थंडी फार आहे." थंडी तेवढी नव्हती.

भाचीने शपथ घेतली. मतदार-यादीत नाव असल्यावाचून तिची शाळेतली नोकरी राहिली नसती. ते तिने त्याला सांगितलं तेव्हा ती खाली बघत होती. तो म्हणाला, "बरं केलंस," आणि तिच्या ताटात वाढलं. त्याने ते मनापासून म्हटलं होतं, पण ह्या एका बाबतीत आता तो अगदी एकटा होता, हे दोघांनाही कळलं आणि दोघं भराभर जेवले.

मतदानाच्या दिवशी तो सकाळीच शाळेच्या फाटकाशी जाऊन बसला. का, ते त्याला कुणी विचारलं नाही. आत पिशव्या न्यायला मनाई होती, त्यामुळे दारात माणसं घोटाळत होती. पहिल्यांदा भाजीवालीने आपली टोपली त्याच्याजवळ ठेवली. "काका, जरा बघाल?" मग दूध घालणाऱ्याने किटली ठेवली. मग छत्र्या, पिशव्या, एक शिवणयंत्राचं डोकंच, नव्या चावीवालीची झोपलेली मुलगी. माणसं आत जात होती, बोटाला शाई लावून बाहेर येत होती, आपापलं सामान उचलून "बरं हं, काका," म्हणत होती. तो मान डोलवत होता. कुणाचं काय ते त्याला बरोबर लक्षात राहत होतं. मुलीच्या अंगावर ऊन आलं तेव्हा त्याने कुणाचीतरी छत्री उघडून धरली.

त्यानंतर पुढची सुट्टी यायच्या आतच तो गेला, सकाळी, झोपेत, कुणाला तसदी न देता. शेजारणीला दार उघडेना म्हणून कळलं. त्यामुळे भाचीशी त्याचं शेवटचं बोलणं झालं ते फाटकापाशीच. मतदानाच्या त्या दुपारी शाळेचं काम आटोपून ती रांगेत उभी राहायला आली, त्याला त्या सामानाच्या ढिगाऱ्यात बसलेला बघितलं आणि तिथेच थबकली.

"मामा, मला नाही जायचं आत."

"का?"

"तुम्ही बाहेर आणि मी आत? तेही खोटी शपथ घेऊन? कसं दिसतं ते?"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या मागे रांग शाळेच्या भिंतीला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेली होती, आणि उन्हात माणसं एकमेकांची थट्टा करत पुढे सरकत होती. त्याने मांडीवरची मुलगी एका हाताने सावरली आणि दुसरा हात पुढे केला.

"पिशवी दे इकडे," तो म्हणाला, "आणि जा आधी, रांग वाढतेय."